सोंगाने दिलेला सल्ला

दारावर थाप पडली आणि डॅनिकाच्या हातातला कप बशीत खणकन आदळला.

स्पिलर्स बेटावर दारावर कुणी थाप मारत नाही. शेजारीण असो, पाद्री असो, नाहीतर ताजा कॉड मासा घेऊन आलेलं कुणी... माणूस मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरतं, बूट काढतं आणि चहा मागतं. थाप मारतं ते फक्त तोंड झाकून घरोघर नाचत फिरणारं सोंग, आणि तेही नाताळानंतरच्या बारा दिवसांतच.

"सोंगांना आत घेता का घरात?" बाहेरून आवाज आला. श्वास आत ओढत बोललेला, घोगरा, बाईचा की बाप्याचा तेही कळू नये असा.

चार वर्षांची फ्लॉसी टेबलाखाली गेली. अनोळखी माणूस दिसलं की ती टेबलाखालीच जायची. डॅनिकाने क्षणभर विचार केला, की नको, पोर घाबरेल, रात्री ताप भरेल. पण न्यूफाउंडलंडमध्ये जन्म घेऊन सोंगांना दारातून परत पाठवणं म्हणजे घरचा पाहुणा उपाशी घालवण्यासारखंच. तिने कडी काढली.

तीन सोंगं आत आली. वारा आणि बर्फही आत आला. एकाच्या डोक्यावर उशीचा अभ्रा, त्याला डोळ्यांपुरती भोकं. दुसऱ्याने कोटावरून भलीमोठी चोळी चढवलेली. आणि तिसरं... तिसरं सगळ्यांत उंच. फुलाफुलांचा घागरा, पोटावर उशी, डोक्यावरून छातीपर्यंत जाळीचा जुना पडदा आणि वर एक चेपलेली हॅट. अभ्रावाल्याने बगलेतला अकॉर्डियन काढला. उंच सोंगाने घागरा दोन्ही हातांनी उचलला, टेबलापुढे वाकून फ्लॉसीला लवून नमस्कार केला, आणि ते असं काही नाचायला लागलं, की भिंतीवरची ताटं थरथरली.

आणि फ्लॉसी बाहेर आली! आपण होऊन, टाळ्या वाजवत. त्या घागऱ्याला धरून गरगर फिरायला लागली आणि हसायला लागली, पोटातून, खदखदून.

डॅनिका जागच्या जागी थिजली. हे हसू तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने झडप घालून फोन उचलला, कॅमेरा उघडला... स्टोरेज फुल.

"काय झालं गं?" सोंगाने नाचता नाचताच विचारलं.

"जागा नाही म्हणतोय!"

"मग काढ की काहीतरी! नाच काय तुझ्यासाठी थांबणारे?"

गेल्या आठवड्यातले हललेले, अंधारे फोटो काढून टाकू म्हणून तिने गॅलरी उघडली. बोट दाबून धरलं आणि सरकवलं. डोळे मात्र फ्लॉसीवर. बोट फोनच्या पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेलं राहिलं, त्याखालून फोटो भराभरा धावत गेले, एकेकावर खूण उमटत गेली... फोनने काहीतरी विचारलं. ती हो म्हणाली. तरी स्टोरेज फुल!

सोंग नाचत नाचत तिच्या खांद्याशी आलं. ओल्या लोकरीचा आणि समुद्राचा वास आला. हातमोज्यातलं जाडं बोट फोनवर टेकलं. "अगं, ते नुसते कचऱ्याच्या डब्यात गेलेत. डबा रिकामा केल्याशिवाय जागा होते का कुठे? हा बघ, हा फोल्डर. सगळं कायमचं काढ."

फोनने पुन्हा विचारलं. या वेळी लाल अक्षरांत. डॅनिका पुन्हा हो म्हणाली.

आणि काय जागा झाली म्हणता! मैदानच्या मैदान. तिने सगळा नाच टिपला.

मग ओळखायचा खेळ. चोळीवालं सोंग हसलं आणि पकडलं गेलं. शेजारच्या सॅडी मावशीसारखं कोंबडी पकडल्यागत दुसरं कोण हसणार? अभ्र्यातला खोकला गसकाकांचा, मावशीच्याच नवऱ्याचा. दोघांनी तोंडं उघडी केली. तिसऱ्यासाठी डॅनिकाने पोस्टातला हर्बर्ट म्हणून पाहिलं, पाद्रीबुवा म्हणूनसुद्धा पाहिलं. सोंगाने प्रत्येकदा हॅट डावीउजवीकडे हलवली. ओळखलं नाही, तर सोंग झाकल्या तोंडानेच जातं, हा नियम. त्याने पडद्याखालून केकचा तुकडा आत सारला, तिच्याकडे वळून जरा जास्तच वेळ वाकून नमस्कार केला आणि ते बर्फात दिसेनासं झालं.

"आई," मग अंगात झोपायचा झगा घालून फ्लॉसी मांडीत येऊन बसली, "काचेच्या पेटीतली मी दाखव."

ही रोजची रीत. फ्लॉसी वेळेच्या फार आधी जन्मली होती. सेंट जॉन्सच्या मोठ्या दवाखान्यात कितीतरी आठवडे ती काचेच्या पेटीत नळ्यांमध्ये पडून होती. ज्या दिवशी घशातली नळी काढली, त्या दिवशी तिने पहिला आवाज काढला, आणि डॅनिकाने तो टिपला होता. छोटासाच व्हिडिओ. कुणालाही न पाठवलेला, कारण त्या नळ्या कुणी पाहिलेल्या तिला चालल्या नसत्या. पोरीला शिंक आली तरी ती तो उघडून पाहायची. बघ, जगलीय ना! बघ, ओरडतेय ना!

तिने गॅलरी उघडली.

एक घागरा. एक नाच. बाकी पांढरं.

तिने फोन बंद केला, चालू केला. एक घागरा, एक नाच. आपण काय केलं हे तिला अर्धं आठवलं, उरलेलं अर्धं आठवायची हिंमत होईना.

"आई, मी कुठे गेले?" फ्लॉसीने विचारलं.



*

"तिसरं सोंग कोण होतं, मावशी?"

सकाळी उजाडताच ती सॅडी मावशीच्या स्वयंपाकघरात उभी होती. केस विंचरलेले नाहीत, कोटाची बटणं खालीवर.

"कुठलं तिसरं?" मावशीने कढईतली पावाच्या पिठाची पुरी उलटली.

"मावशी! तुमच्याबरोबर आलं होतं ते!"

"ओळखलं नाहीस ना? मग संपलं, राणी. न ओळखलेल्या सोंगाचं नाव सांगायचं नाही. माझ्या आजीने मरताना पाद्रीबुवांना सगळी पापं सांगितली, पण एका सोंगाचं नाव नाही सांगितलं."

"त्या मेल्याने माझी पोर पुसून टाकायला लावली!"

"पोर ही काय, माझा मुरंबा चाटतेय." मग मावशीने डॅनिकाचा चेहरा नीट पाहिला. कढई खाली उतरवली. "पुसून... म्हणजे? सगळं?"

डॅनिकाने मान हलवली. मावशी मटकन खुर्चीत बसली. गसकाकांचा खोकलाही थांबला. पण नाव? नाव काही दोघांनी सांगितलं नाही. एकमेकांकडे तेवढं चोरून पाहिलं.

ती घरी परतली, तोवर मागच्या दाराने कुणीतरी आत येऊन बूट काढून उभंच होतं. फेरीबोटीवर दोर बांधणारा ॲम्ब्रोस. मुख्य भूमीवर काही वर्षं काढून तो हिवाळ्याच्या तोंडाशी बेटावर परतला होता. फेरीतून उतरताना तो फ्लॉसीची बाबागाडी उचलून द्यायचा, एवढीच काय ती ओळख. आज त्याचा चेहरा मिठात घातलेल्या माशासारखा पांढराफटक होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"दुकानात?"

"दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या पायरीवर. कप्तानाने भोंगा वाजवून सांगायचं तेवढं राहिलंय." तो घुटमळला. "फोन बघू? मला... थोडंफार कळतं त्यातलं."

त्याने सगळं करून पाहिलं. इंटरनेटवरची साठवण उघडली, तर फोनवर पुसलं तेव्हाच तिथलंही पुसलं गेलेलं. डॅनिका हबकली. "म्हणजे तिथे जपून ठेवत नाहीत?"

"जपतात. पण तू जे करशील, तेच तिथेही होतं. आरशासारखं."

आधीचा फोन? तो दुकानात देऊनच हा घेतलेला. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, तर बराच वेळ सनई लावल्यासारखं संगीत आणि शेवटी एक गोड आवाज... फार वाईट वाटतं, पण नाही. ॲम्ब्रोसने फोन टेबलावर इतका हळू ठेवला, की जणू तोही काचेच्या पेटीतला.

"ज्याने तुला तो सल्ला दिला ना," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्याला समुद्रात ढकलायला हवं."

"आधी सापडू दे. मग दोघं मिळून ढकलू."

त्यावर त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला. घरोघरी हिंडून त्याने लोकांच्या फोनमधले फोटो गोळा केले होते. "तुझे नाहीत परत आणता आले. पण गावाचे आहेत. सगळ्यांत कुठे ना कुठे फ्लॉसी आहे. कुणाच्या केकमागे, कुणाच्या कुत्र्यामागे."

मग तो रोजच यायला लागला. कधी पोस्टातल्या हर्बर्टच्या बायकोचे, कधी शाळेतले, कधी गसकाकांचे — त्यांतले अर्धे त्यांच्याच अंगठ्याचे. फ्लॉसी त्याच्या मांडीवर बसून हुकूम सोडायची. टेबलाखाली जायचं ती विसरूनच गेली होती. आणि तो कधी उभा राहिलाच, तर पाय फाकवून, गुडघे सैल सोडून उभा राहायचा.

"असा काय उभा राहतोस रे?" एकदा डॅनिकाने हसत विचारलं. "माझं घर हलतंय का?"

"आधी नव्हतं हलत," तो म्हणाला. "हल्ली दोनतीन दिवस... जरा डुलतंय."

ती किटलीकडे वळली. किटली उकळत नव्हती, पण वळायला काहीतरी हवं होतं.

एका फोटोपाशी तिने त्याचा हात धरून थांबवलं. धक्का, उन्हाळा, सुकत टाकलेले मासे. मध्ये एक बाई, खांद्यावर पोर घेतलेली, मान मागे टाकून हसणारी. वाऱ्याने केस उडालेले, सगळे दात दिसतायत.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"मी?" ती खरंच दचकली. "मी अशी नाही हसत."

"हसतेस. फ्लॉसीने जाळ्यात बूट अडकवला होता तेव्हा... मी नव्हतो तिथे," तो घाईने म्हणाला, "सांगितलं हर्बर्टच्या बायकोने. पण हसतेस तू. परवाही हसलीस. मी पाहिलं."

तिने पडद्याकडे पाहिलं. चार वर्षांत तिने स्वतः काढलेल्या फोटोंत ती कुठेच नव्हती. फ्लॉसीचा बाप अल्बर्टाला तेलाच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला; तेव्हापासून तिचा फोटो काढायला घरात होतंच कोण? आणि इथे मात्र ती फोटोफोटोत होती. पोरीचं नाक पुसणारी, टोपी नीट करणारी, कपाळाला हात लावून ताप बघणारी. बेटावरची माणसं एवढा वेळ आपल्याकडे बघत होती, याचंच तिला नवल वाटलं. आणि तिने अजून ॲम्ब्रोसचा हात धरलेलाच आहे, याचं त्याहून जास्त. तिने तो चटका बसल्यासारखा सोडला.

"त्या व्हिडिओत काय होतं?" त्याने हळूच विचारलं. "तू फक्त 'तो एक' म्हणतेस."

तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. पेटी, नळ्या, नर्सचा निळा हातमोजा. "आणि मग ती ओरडली. ओरडली कसली... मांजराच्या पिल्लासारखं... नाही, तसंही नाही, जरा..." ती थांबली. पुन्हा आठवून पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. "ॲम्ब्रोस, मला... मला आवाज आठवत नाहीये. मी रोज ऐकायचे रे! आठवतच नाहीये!"

तो उठला. बूट घातले, नाडी न बांधताच दार उघडलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. "फेरीवर दुसराच माणूस आहे," सॅडी मावशीने न विचारता सांगितलं. डॅनिका दर मिनिटाला मागच्या दाराकडे पाहत होती. पोरीच्या तापाशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी आपला जीव असा टांगणीला लागू शकतो? तिची तीच चकित झाली, आणि मग फार घाबरली.

*

जुन्या नाताळच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या संध्याकाळी, सोंगांच्या शेवटच्या दिवशी, दारावर थाप पडली.

"सोंगाला आत घेता का घरात?"

एकच सोंग. फुलाफुलांचा घागरा, पोटावर उशी, जाळीचा पडदा. डॅनिकाचं रक्त उसळलं. हाच तो! तोंड उघडून ती त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात सोंग स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभं राहिलं.

पाय फाकवून. गुडघे सैल. घर हलत असल्यासारखं.

ठसका... पांढराफटक चेहरा... 'त्याला समुद्रात ढकलायला हवं'... रोज येणं, घरोघरी हिंडणं! अकरा घरची माणसं एकदम अंगणात यावीत, तसं सगळं एकदम समोर आलं. तिने टेबलाची कड धरली.

"मला काही सांगायचंय," सोंग म्हणालं. श्वास आत ओढून नाही. सरळ, स्वतःच्या आवाजात.

"नियमात बोल," डॅनिका कशीबशी म्हणाली. "सोंग असं बोलत नाही. आणि मी तुला अजून ओळखलेलं नाही."

"डॅनिका..."

"पोस्टातला हर्बर्ट का?"

"हर्बर्ट माझ्या खांद्याला लागतो."

"मग पाद्रीबुवा असतील. या ना, चुलीजवळ बसा. तिथे ऊब आहे."

सोंग मुकाट्याने चुलीजवळ बसलं. लोकर, उशी, घागरा आणि पडदा. वाफा निघायच्या तेवढ्या बाकी होत्या. डॅनिकाने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"मी म्हटलं, डबा रिकामा कर," पडद्यामागून आवाज आला. "शहाणपणा करायला गेलो. तू माझ्याकडे बघावंस म्हणून. सोंगातसुद्धा! दुसऱ्या सकाळी सांगायलाच आलो होतो. पण तू म्हणालीस, सापडू दे, मग ढकलू... आणि वाटलं, सांगितलं तर हे दार बंद होईल. तेव्हा नुसती भीती होती. चारपाच दिवसांनी ती भीती राहिली नाही, वेगळंच काहीतरी झालं. त्याचीही भीतीच वाटते म्हणा."

"दोन दिवस कुठे होतास?" नियम विसरून तिने विचारलं.

"सेंट जॉन्सला. फोन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानात गेलो. सगळे एकच म्हणाले. गेलं ते गेलं." पडदा हलला. आत तो डोळे पुसत असावा. "नाही आणता आलं गं. एवढं एकच आणायचं होतं, आणि तेच नाही."

चूल तडतडली. डॅनिकाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो व्हिडिओ परत येणार नाही, हे तिने आत्ता पहिल्यांदा खरोखर ऐकलं.

"तोंड तुझं," ती म्हणाली, "पण बोट माझं होतं. दोन्ही वेळा मीच हो म्हटलं. वाचलंसुद्धा नाही." मग नाक ओढून ती पुढे म्हणाली, "ते वेगळंच काहीतरी झालं म्हणालास... ते काय?"

"इथे सगळेच सगळ्यांना राणी म्हणतात. दुकानदारीण म्हणते, हर्बर्ट म्हणतो, सॅडी मावशी तर बोक्यालाही म्हणते. म्हणून मी तुला कधी म्हटलं नाही. मला दुसरा शब्द हवा होता. येताना पूर्ण वाटभर शोधला. नाही सापडला. नुसतं डॅनिका, डॅनिका असंच येत होतं तोंडात."

नियम तिला माहीत होता. नाव घेतलं नाही, तर सोंग झाकल्या तोंडाने जाईल, आणि पडद्यामागे बोललेलं पुन्हा कुणी कधी काढणार नाही. तोही नाही. ती नाव घेईल, तर मात्र...

"आई," फ्लॉसी एवढा वेळ केकशी झटत होती, ती कंटाळून म्हणाली, "किती वेळ लावतेस? बूट बघ ना त्याचे!"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्यांनाच माहीत आहे. सॅडी आजी म्हणाली, तुझ्या आईला सांगू नकोस, तो स्वतःच सांगेल."

सगळं गाव! म्हणजे ज्या ज्या दारात तो फोटो मागायला गेला, त्या प्रत्येक दारात हे माहीत होतं... डॅनिकाने आ वासला. मग तिने तोंड मिटलं, डोळे पुसले आणि ती चुलीजवळ जाऊन सोंगापुढे उभी राहिली.

"ॲम्ब्रोस," ती म्हणाली.

सोंग दचकलं.

"ॲम्ब्रोस आहेस तू. आता तोंड दाखव."

हॅट खाली पडली. त्याने जाळीचा पडदा वर केला. चेहरा उकडलेल्या शेवंडासारखा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळे सुजलेले. आणि एवढा वेळ घडाघडा बोलणारा तो माणूस तिच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. शब्द नाही. ओठ हलतायत, आवाज नाही!

"बोल ना. मघासारखं."

त्याने मान हलवली. काही केल्या जमेना. शेवटी त्याने हताशपणे पडदा पुन्हा तोंडावर ओढला.

"अस्सं?" डॅनिका म्हणाली. तिने पडद्याची कड उचलली, आणि ती स्वतःच वाकून आत शिरली.

आत उकडत होतं. ओल्या लोकरीचा आणि समुद्राचा वास होता. त्याचा श्वास अडकलेला, तिचाही.

"आई!" बाहेरून फ्लॉसीचा थक्क झालेला आवाज आला. "तू पण सोंग झालीस?"

पडदा नुसता हलत राहिला.

"आता मी ओळखू?" फ्लॉसीने कमरेवर हात ठेवले. "अहो सोंग... आत किती जण आहात?"